पांढऱ्या उंदराची वंशावळ

(वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



उंदरांवर तासभर बोलण्यासारखं काय आहे, असं आत्ता मंचावर येता येता एका गृहस्थांनी मला विचारलं. मी त्यांना एवढंच म्हटलं की तुम्ही रक्तदाबाची गोळी घेत असाल, तर तुमच्या आधी ती कुठल्या तरी उंदराने घेतलेली आहे. ते हसले आणि पुढच्या रांगेत बसले. त्यांच्यासाठी रक्तदाबाचा भाग मी विसरणार नाही.

आधी एक खुलासा. आज मी उंदीर म्हणेन तेव्हा रॅट समजा, तीनचारशे ग्रॅम वजनाचा. प्रयोगशाळेत त्याच्याहून खूप लहान असा माऊसही असतो. त्याला आपण माऊसच म्हणू, म्हणजे घोटाळा होणार नाही.

प्रयोगशाळेतला पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा उंदीर तुम्ही चित्रात तरी पाहिला असेल. २०१२ साली जपानमधल्या संशोधकांनी पुढाकार घेऊन जगभरातल्या उंदरांचे १७२ वाण तपासले. त्यांतले ११७ पांढरे होते. या सगळ्यांमध्ये रंगद्रव्य बनवणाऱ्या जनुकात एकच बिघाड निघाला, त्याच जागी आणि त्याच प्रकारचा. याहून गंमत म्हणजे हे सगळे पांढरे उंदीर मुळात टोपडेवाले आहेत. टोपडेवाला म्हणजे ज्याचं डोकं आणि खांदे काळे, पाठीवर एक काळा पट्टा आणि बाकी अंग पांढरं. पांढऱ्या उंदराच्या अंगात हे टोपडं असतं, पण रंगच तयार होत नसल्याने ते दिसत नाही. त्याचा रंगीत टोपडेवाल्याशी संकर केला की रंगीत पिल्लं टोपडी घालूनच जन्माला येतात. अर्थ सरळ आहे. फिलाडेल्फियापासून हैदराबादपर्यंतच्या पिंजऱ्यांत बसलेला पांढरा उंदीर एकाच कुठल्या तरी टोपडेवाल्या घराण्याचा वंशज आहे. विज्ञानाने अभ्यासासाठी उंदीर निवडला असं आपण म्हणतो, पण त्याआधीच कुणीतरी तो हौसेने निवडला होता.

या जातीचं शास्त्रीय नाव रॅटस नॉर्वेजिकस. नॉर्वेच्या जहाजांतून तो इंग्लंडात आला अशा समजुतीतून १७६९ साली हे नाव पडलं. त्याचं मूळ घर उत्तर चीन आणि मंगोलियाच्या बाजूचं. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये उंदरांवर कुत्री सोडून पैजा लावण्याचा खेळ जोरात होता. त्यासाठी शेकड्यांनी उंदीर पकडले जात. त्यात एखादा विचित्र रंगाचा सापडला की पकडणारा तो बाजूला ठेवी आणि शौकिनांना विके. जॅक ब्लॅक नावाचा एक उंदीरवाला स्वतःला राणी व्हिक्टोरियाचा उंदीर पकडणारा म्हणवून घेई, आणि अशा रंगीत उंदरांची पैदासही करी. जपानमध्ये तर अठराव्या शतकापासूनच उंदीर पाळण्याची हौस होती. जो माणसाच्या हातात शांत बसला, चावला नाही आणि पिंजऱ्यात व्याला, त्याचाच वंश पुढे चालला.

निवड माणसानेच करावी असंही नाही. १८९६ साली मुंबईत मांडवीला प्लेग सुरू झाला. पुढे १९०५पासून परळला प्लेग संशोधन आयोगाचं काम चाललं, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात आली. मुंबईच्या उंदरांना प्लेगचे जंतू टोचले तर त्यांतले बरेच जगत. मद्रासचे, म्हणजे जिथे प्लेग फारसा पोचलाच नव्हता तिथले, पटापट मरत. पुढे हाफकिन संस्थेच्या साहिबसिंग सोखे आणि चित्रे यांनी १९३७ साली वेगवेगळ्या शहरांतल्या उंदरांबद्दल हाच मुद्दा मांडला. ज्या शहराने प्लेग जास्त सोसला, तिथले उंदीर जास्त चिवट. साथीने दुबळे वेचून मारले होते. आपल्या आज्यापणज्यांनी ज्या साथीत घरं सोडून माळावर झोपड्या बांधल्या, त्याच साथीत त्यांच्या घरातल्या उंदरांची जनुकीय चाळणी चालू होती.

आता प्रयोगशाळेत येऊ. गुण वंशाने कसे उतरतात याचे मेंडेलचे नियम १९०० साली पुन्हा उजेडात आले आणि ते प्राण्यांना लागू पडतात का हे पाहायला सगळे धावले. हार्वर्डमध्ये विल्यम कॅसल नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी हेच टोपडेवाले उंदीर घेतले. टोपडं आहे की नाही हे मेंडेलच्या हिशेबाप्रमाणे अचूक ठरत होतं, एक जनुक, दोन रूपं. पण टोपडं केवढं, यात फरक होता. कॅसल आणि त्यांचे सहकारी जॉन फिलिप्स यांनी हजारो उंदीर पैदा केले. एका बाजूला सर्वांत मोठ्या टोपड्याचे आपसात जुळवले, दुसऱ्या बाजूला सर्वांत लहान टोपड्याचे. दर पिढीत हेच. हळूहळू पहिल्या घराण्यातले उंदीर पोट सोडून जवळजवळ काळे झाले, दुसऱ्यातले जवळजवळ पांढरे.

यातून कॅसल यांनी काय निष्कर्ष काढावा? जनुकच बदललं, म्हणाले. निवड करत राहिलं की जनुकाचं रूप थोडं थोडं सरकतं, असं त्यांचं मत. तिकडे न्यूयॉर्कमध्ये जनुकशास्त्रज्ञ मॉर्गन आणि त्यांचे विद्यार्थी माश्यांवर काम करत होते. ते म्हणाले, जनुक तसंच आहे, तुम्ही त्याच्या आजूबाजूची छोटी छोटी बदलक जनुकं गोळा केलीत. वाद बरीच वर्षं चालला आणि चांगला कडवट चालला.

निकाल लावणारा प्रयोग मात्र कॅसल यांनी स्वतःच केला, आणि मला हा माणूस आवडतो तो त्यासाठी. दोन्ही घराण्यांतले उंदीर त्यांनी रानटी उंदरांशी जुळवले. त्यांच्या नातवंडांत जे टोपडेवाले निघाले ते पुन्हा रानटी उंदरांशी, आणि पुन्हा एकदा. टोपड्याचं जनुक तेच राहिलं, पण बाकीची जनुकं दर वेळी रानटी उंदरांची येत गेली. कॅसल यांचं म्हणणं खरं असतं तर दोन्ही घराण्यांच्या टोपड्यांतला फरक टिकून राहायला हवा होता. तसं झालं नाही. दोन्ही घराण्यांची टोपडी एकमेकांच्या जवळ आली. १९१९ साली कॅसल यांनी छापील कबुली दिली की बरोबर दुसरी बाजू आहे. त्यांनी मोजलं होतं टोपडं, आणि नाव दिलं होतं जनुकाचं. श्रोतेहो, या एका गल्लतीचा माग आपल्याला आज तासभर काढायचा आहे, कारण उंदरांच्या जनुकशास्त्रात ती पुन्हा पुन्हा होते.

त्याच सुमारास फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत हेलन डीन किंग या बाई दुसरंच काम करत होत्या. १९०९ साली त्यांनी एकाच वेतातले दोन नर आणि दोन माद्या घेतल्या, आणि भाऊ-बहीण, भाऊ-बहीण अशी जुळणी पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवली. सुरुवातीला वाईट लक्षणं दिसली. वांझपणा, लहान पिल्लं. नात्यातल्या संबंधांचा दोष, असं कुणीही म्हणालं असतं. बाईंनी पाहिलं की ज्या उंदरांत नात्यातली जुळणी केलीच नव्हती, त्यांच्यातही तेच चाललं होतं. आहार निकृष्ट होता. तो सुधारला, आणि उंदीरही सुधारले. मग दर पिढीत धडधाकट तेवढे पुढे घेत त्या पंचवीस पिढ्या गेल्या आणि पुढेही गेल्या. वर्तमानपत्रांनी यातून माणसांच्या लग्नाबद्दल काहीबाही निष्कर्ष काढले. मामाच्या मुलीशी लग्न करणाऱ्या आपल्याकडच्या घराण्यांना त्याचं काही वाटलं नसतं, पण अमेरिकेत खळबळ उडाली. बाईंचा हेतू वेगळाच होता. भाऊ-बहीण जुळणीच्या वीस पिढ्या झाल्या की त्या वाणातले सगळे उंदीर जवळपास एकबीज जुळ्या भावंडांइतके सारखे होतात. असे सारखे उंदीर हाताशी असले तर दोन उंदरांतला फरक जन्माचा की वाढवण्याचा, हे सांगता येतं. आज जगभर 'विस्टार' हे नाव ज्या उंदराला लागतं, तो याच संस्थेच्या साठ्यातून निघाला. मात्र तो किंगबाईंच्या वाणासारखा एकसाची नाही, आणि हे पुष्कळ संशोधकही विसरतात.

आता बर्कलीला जाऊ. रॉबर्ट ट्रायन यांनी १९२०च्या दशकात १४२ उंदीर घेऊन त्यांना १७ वळणांच्या चक्रव्यूहात सोडलं. शेवटी खाणं ठेवलेलं. कोण किती वेळा चुकतो ते मोजलं. कमी चुकणारे आपसात जुळवले, जास्त चुकणारे आपसात. सातव्या पिढीपर्यंत दोन्ही गटांतलं अंतर इतकं वाढलं की एका गटातला बहुतेक कुठलाही उंदीर दुसऱ्यातल्या जवळजवळ प्रत्येकापेक्षा सरस ठरे. त्यांना नावं पडली 'हुशार' आणि 'मठ्ठ'. बुद्धी वंशाने येते याचा हा पुरावा म्हणून पाठ्यपुस्तकांत छापला जाऊ लागला. त्या काळात अमेरिकेत माणसांची सक्तीने नसबंदी करणारे कायदे होते, हे लक्षात ठेवा. असा पुरावा कुणाला हवा होता ते सांगायला नको.

मग १९४९ साली सर्ल नावाच्या संशोधकाने हे दोन्ही वाण दुसऱ्या परीक्षांना बसवले. काही परीक्षांत मठ्ठ उंदीर हुशारांच्या बरोबरीने उतरले, काहींत पुढेही गेले. फरक होता तो भुकेच्या ओढीचा आणि भित्रेपणाचा. हुशारांना खाण्याची ओढ जास्त. मठ्ठ त्या यंत्राच्या खटखटीलाच बिचकत. पिढ्यान्‌पिढ्या चुका मोजून ट्रायन यांनी जे निवडलं त्यात भूक होती, धीर होता, कदाचित थोडी स्मरणशक्तीही असेल. त्याला बुद्धी हे नाव आपण दिलं.

१९५८ साली कॅनडात कूपर आणि झुबेक यांनी याच पद्धतीने निवडलेल्या दुसऱ्या दोन वाणांची पिल्लं निरनिराळ्या परिस्थितीत वाढवली. काहींना उतरणी, बोगदे, खेळणी असलेल्या पिंजऱ्यात, काहींना नुसत्या उघड्याबोडक्या पिंजऱ्यात. समृद्ध पिंजऱ्यात मठ्ठ जवळजवळ हुशारांइतके झाले. उघड्या पिंजऱ्यात हुशार मठ्ठांइतके खाली आले. फरक नेमका दिसत होता तो फक्त नेहमीच्या मध्यम पिंजऱ्यात. जनुकं खोटी नव्हती, पण ती आपला फरक दाखवतात की नाही हे पिंजरा ठरवत होता. याच्यावर कडी केली रॉबर्ट रोझेन्थाल यांनी. १९६३ साली त्यांनी साधे, एकाच साठ्यातले उंदीर विद्यार्थ्यांना वाटले. काहींना सांगितलं, तुमचे हुशार वाणाचे. काहींना सांगितलं, तुमचे मठ्ठ. 'हुशार' उंदीर खरोखरच बरे शिकले, कारण त्यांना सांभाळणारे हात जास्त मायेने वागत होते. या सभेत शिक्षक बरेच दिसतात. त्यांना याहून अधिक सांगण्याचा मला अधिकार नाही.

आता तो रक्तदाब. क्योटो विद्यापीठात ओकामोटो आणि आओकी यांनी १९६३ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. उंदराच्या शेपटीला छोटा पट्टा बांधून रक्तदाब मोजता येतो. विस्टार उंदरांत त्यांना एक नर सापडला, ज्याचा दाब आपोआपच चढा होता. त्याला किंचित चढ्या दाबाच्या मादीशी जुळवून, दर पिढीत चढा दाबच निवडत त्यांनी वाण तयार केला. काही पिढ्यांतच त्यातला प्रत्येक उंदीर मोठा झाल्यावर रक्तदाबाचा रुग्ण होऊ लागला. जगभरच्या औषधकंपन्यांना हवं होतं ते मिळालं. १९९१ साली याच घराण्यातल्या उंदरांवरून हॉवर्ड जेकब, एरिक लँडर आणि सहकाऱ्यांनी दहाव्या गुणसूत्रावर रक्तदाबाची एक जागा हेरली. वाटलं, आता माणसाचंही कोडं सुटलं. माणसात मात्र पुढे रक्तदाबाशी संबंधित शेकडो जागा सापडल्या, आणि एकेकीचा वाटा अगदी किरकोळ.

एक भानगड आणखी. तुलनेसाठी निरोगी उंदीर हवा म्हणून विस्टार-क्योटो नावाचा वाण वापरला जातो. तो पुरता एकसाची होण्याआधीच वेगवेगळ्या पैदासकेंद्रांना वाटला गेला, त्यामुळे एकाच नावाखाली भिन्न उंदीर विकले जात होते. हे १९८७ साली उघड झालं, तोवर त्यांच्यावर ढिगाने निबंध निघून गेले होते. शिवाय क्योटोचा रक्तदाबवाला उंदीर चंचल आहे म्हणून काही प्रयोगशाळा त्याला मुलांमधल्या अवधानाच्या विकाराचा नमुना म्हणून वापरतात, आणि तो तुलनेचा 'निरोगी' उंदीर इतका मरगळलेला असतो की दुसऱ्या काहींनी त्यालाच नैराश्याचा नमुना ठरवलं आहे. काय निवडलं होतं? रक्तदाब. बरोबर काय काय आलं, ते अजून मोजणं चालूच आहे.

त्या मानाने लुईस डाल यांचं काम मला जास्त शहाणपणाचं वाटतं. न्यूयॉर्कजवळच्या ब्रूकहेव्हनला त्यांनी १९६२ साली दोन वाणांची बातमी दिली. एकाला भरपूर मीठ घातलं की दाब चढतो, दुसऱ्याला कितीही घाला, फारसा चढत नाही. म्हणजे निवडतानाच त्यांनी जनुक आणि ताट दोन्ही एकत्र मोजली. पुढे त्यांनी मूत्रपिंडांची अदलाबदल करून पाहिली, तेव्हा दाब मूत्रपिंडाच्या मागे गेला. सोसणाऱ्या उंदराला न सोसणाऱ्याचं मूत्रपिंड बसवलं की त्याचाही दाब चढला. मघाच्या गृहस्थांना डॉक्टर लोणचं-पापड कमी करा म्हणतात, त्यामागे असे पुरावे आहेत.

मधला इतिहास मी भराभर सांगतो. १९८९ साली माऊसमध्ये हवं ते जनुक बंद करण्याची युक्ती साधली, २००७ साली तिला नोबेल मिळालं, आणि जनुकशास्त्रज्ञ उंदीर सोडून माऊसकडे गेले. उंदरात ती युक्ती चालेना, कारण त्याच्या मूळपेशी प्रयोगशाळेत टिकत नव्हत्या. २००४ साली उंदराच्या जनुकसंचाचा मसुदा वाचून झाला, माणूस आणि माऊसनंतरचा तिसरा सस्तन प्राणी. मूळपेशी २००८ साली साधल्या, आणि २००९पासून तर मूळपेशींशिवायच थेट गर्भात जनुक कापता येऊ लागलं. आता क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्रामुळे ते आणखी सोपं झालं आहे.

जिथे मोजलेली गोष्ट आणि दिलेलं नाव एकच असतं, तिथे उंदराने थेट उत्तर दिलेलं आहे. १९३८ साली इंग्लंडमध्ये एका घराण्यातले उंदीर हळूहळू आंधळे होतात असं नोंदलं गेलं. डोळ्याच्या पडद्यावरच्या प्रकाशपेशी रोज आपली टोकं टाकत असतात, आणि मागचा थर ती खाऊन साफ करतो. या उंदरांत साफसफाईच होत नव्हती. कचरा साचून प्रकाशपेशी मरत होत्या. २००० साली त्याचं जनुक सापडलं, एमईआरटीके. त्याच वर्षी वंशाने येणाऱ्या अंधत्वाच्या काही रुग्णांमध्ये हेच जनुक बिघडलेलं निघालं. चांगलं जनुक डोळ्यात सोडल्यावर उंदरांची दृष्टी वाचली. मग सौदी अरेबियात सहा रुग्णांवर तोच उपाय अजमावला गेला. काहींची नजर थोडी सुधारली, पण प्रत्येकाची सुधारणा टिकली नाही.

आता आपल्याकडे येतो. १९२०च्या दशकात निलगिरीतल्या कुन्नूरला रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी भारतातल्या निरनिराळ्या लोकांचे आहार उंदरांना घातले. शीख आहारावरचे उंदीर सर्वांत धष्टपुष्ट निघाले, मग पठाण, मग मराठा, मद्रासी तळाला. खूश होऊ नका, उंदीर सगळीकडे तेच होते. लढाऊ जमाती रक्तानेच वेगळ्या असतात असं इंग्रज सरकार मानत होतं, आणि त्यांच्याच लष्करी वैद्यकसेवेतला हा डॉक्टर दाखवत होता की फरकाचा मोठा भाग ताटात आहे. ती प्रयोगशाळा पुढे हैदराबादला गेली, आज तिला राष्ट्रीय पोषण संस्था म्हणतात.

आणि पुण्याची गोष्ट. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं अंगाने हडकुळी, पण शरीरात चरबी जास्त असलेली असतात हे दाखवलं होतं. २०१५ साली त्यांनी, सिडनीच्या आनंदवर्धन हर्डीकरांनी आणि सहकाऱ्यांनी विस्टार उंदरांवरचं एक काम प्रसिद्ध केलं. हे उंदीर पन्नास पिढ्या अपुऱ्या आहारावर वाढवलेले होते. त्यांची पिल्लं कमी वजनाची, पोटाच्या आत चरबी साठवणारी आणि मधुमेहाकडे झुकलेली होती. मग त्यांना दोन पिढ्या भरपेट खाऊ घातलं. दोष गेला नाही. इन्शुलिनच्या जनुकाची अक्षरं तीच होती, पण त्याभोवतालच्या प्रथिनांवर बदललेल्या खुणा दिसत होत्या.

हे काम मला फार मोलाचं वाटतं, आणि तरी मघाचाच प्रश्न मी इथेही विचारीन. पन्नास पिढ्या अर्धपोटी काढताना जी मादी व्याली तिचाच वंश राहिला. म्हणजे खुणांबरोबर थोडी निवडही झाली नसेल का? दोन्हींचे वाटे वेगळे करायला आणखी उंदीर लागतील, आणि ते प्रयोग आपल्याकडेच व्हावेत, कारण दुखणं आपलं आहे.

'आणखी उंदीर लागतील' हे वाक्य मी सहज उच्चारलं, पण ते सहज उच्चारू नये असा आपला कायदा आहे. १९६०च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेत प्राणिप्रयोगांची नीतिसमिती असावी लागते. पर्याय आहे का, संख्या कमी होईल का, वेदना कमी होतील का, हे पाहिल्याशिवाय प्रयोगाला मंजुरी नसते. या समितीत एक जागा शास्त्रज्ञ नसलेल्या, समाजाची जाण असलेल्या व्यक्तीची असते. बहुतेकांना ती जागा आहे हेच ठाऊक नसतं. निवृत्त शिक्षक, वकील, बँकेतले अधिकारी, गृहिणी, असे कितीतरी विचारी लोक आज समोर बसलेले आहेत. तुम्ही तिथे जाऊन बसावं अशी माझी विनंती आहे. जनुकशास्त्र येत नाही म्हणून मागे राहू नका. प्रस्ताव वाचून एवढंच विचारा, तुम्ही नेमकं मोजणार काय आहात, आणि त्याला नाव कशाचं देताय?